बेळगाव सीमाभागात अध्ययन अक्षमतेवर अभ्यास करायचाय? पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत चौथीतल्या पोराला मी ‘पिशवी’ लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं ‘पशिवी’. बाईंनी लगेच लाल गोल केला. मी तीच वही त्याच्यापुढे धरली आणि म्हटलं, वाच. त्याने न अडखळता वाचलं, ‘पिशवी’. कानाला आधी ‘प’ ऐकू येतो, मागून ‘इ’. म्हणून त्याने आधी ‘प’ काढला आणि मग वेलांटी. त्याच्या हिशेबाने काही चुकलं नव्हतं. उच्चारात मागून येणारी वेलांटी कागदावर आधी काढायची ही देवनागरीची खोड आहे. त्याच वर्षी तो कन्नडही शिकत होता, आणि कन्नडात इकार अक्षराच्या डोक्यालाच चिकटतो, पुढे उडी मारत नाही.

त्या पोराचं नाव शाळेच्या ‘मागे पडलेल्या’ मुलांच्या यादीत होतं. एक विद्यार्थिनी त्या यादीवरून थेट ‘अध्ययन अक्षम मुलांचा अभ्यास’ लिहायला निघाली होती. तिला थांबवताना जे बोलणं झालं, तेच इथे नीट मांडतोय. एमएसडब्ल्यू, एमएड, मानसशास्त्राचं एमए किंवा पीएचडी करणाऱ्यांना, आणि वर्गातच कृतिसंशोधन करू पाहणाऱ्या शिक्षकांना उपयोगी पडावं. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: सीमाभागात मूल का अडलं ते सांगण्याआधी त्यातून भाषा वजा करावी लागते. ती वजाबाकी न करता काढलेला आकडा मुलांचा नसतो, माध्यमाचा असतो.

पहिली पायरी: शब्द कुठल्या देशाचा आहे ते बघा

नवख्या माणसाचा निम्मा गोंधळ इथेच होतो. ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्द अमेरिकेत सॅम्युएल कर्क यांनी १९६३ मध्ये रुळवला. तिथे त्याचा अर्थ असा की बुद्धी साधारण, पण वाचन, लेखन किंवा गणित अडतंय. भारतातल्या कायद्यानेही हाच अर्थ घेतला, ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या नावाने. ब्रिटनमध्ये मात्र तोच शब्द बौद्धिक दिव्यांगत्वासाठी वापरतात, म्हणजे ज्याला आपल्याकडे कालपर्यंत मतिमंदत्व म्हणायचे. आपण ज्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अक्षमता, म्हणतो त्याला ते ‘लर्निंग डिफिकल्टी’ म्हणतात.

म्हणून इंटरनेटवर ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ आणि ‘केअर सर्व्हिसेस’ हे शब्द एकत्र टाकले की ढीगभर ब्रिटिश लेख येतात: आधारगृहं, चौदाव्या वर्षापासून दरवर्षी होणारी आरोग्य तपासणी, अकाली मृत्यूंचा आढावा घेणारा इंग्लंडचा २०१५ पासूनचा कार्यक्रम. हे सगळं वाचण्यासारखं आहे, पण ते डिस्लेक्सियाबद्दल नाही. एका प्रबंधात मी दुसरं प्रकरण ब्रिटिश अर्थाने आणि चौथं भारतीय अर्थाने लिहिलेलं पाहिलंय. मार्गदर्शकांनी सही केली होती.

आता इथले शब्द. घरात कोणी ‘अध्ययन अक्षमता’ म्हणत नाही. ‘अक्षर लागंना’, ‘ध्यानात ऱ्हाईना’, ‘डोकं चालंना’, ‘उशिरा उमजतंय’ असं म्हणतात. यातला ‘अक्षर लागंना’ हा प्रकार आणि ‘उशिरा उमजतंय’ हा प्रकार आया आपसूक वेगळे ठेवतात, त्यामुळे त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. कचेरीत गेल्यावर कन्नड शब्द लागतील. अध्ययन अक्षमतेला ‘कलिका न्यूनते’, बौद्धिक दिव्यांगत्वाला ‘बुद्धिमांद्य’, दिव्यांगाला ‘विकलचेतन’. जिल्ह्याच्या ज्या कचेरीत तुम्हाला वारंवार जायचंय तिच्या खात्याचं नाव ‘विकलचेतनर हागू हिरिय नागरिकर सबलीकरण इलाखे’, म्हणजे दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिक सक्षमीकरण खातं. पाटी कन्नडात असते. नाव पाठ करून गेलात तर शिपाईसुद्धा बरं बोलतो.

दुसरी पायरी: कायदा वाचा, पण थोडक्यात

१९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते. अध्ययन अक्षमता त्यात नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला, एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार २१ झाले. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. म्हणून त्याआधीची सरकारी आकडेवारी धुंडाळत बसू नका. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, पण तिथे अध्ययन अक्षमतेचा वेगळा रकानाच नव्हता. त्या जनगणनेवरून बेळगाव जिल्ह्यातल्या डिस्लेक्सियाबद्दल कोणी काही सांगत असेल तर ते मनाचं आहे.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण तुमचा नमुना त्यावर ठरणार. २०१८ च्या केंद्रीय सूचनांप्रमाणे शिक्षकांनी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, चाळणी म्हणजे प्राथमिक तपासणी करायची, मग बुद्ध्यंक, तो ८५ च्या वर असेल तर वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, दाखला चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासायचा. २०२४ मध्ये सुधारित सूचना निघाल्या, तेव्हा तुमच्या नमुन्यातले दाखले कुठल्या सालच्या नियमाने दिलेत ते प्रबंधात लिहा. बुद्ध्यंक ७० च्या खाली असेल तर मूल बौद्धिक दिव्यांगत्वाच्या बाजूला जातं. मग ७० ते ८५ मधल्या मुलांचं काय? त्यांना इकडचाही दाखला नाही, तिकडचाही नाही. वर्गात सगळ्यात जास्त मार खाणारी पोरं हीच. यांच्यावर अभ्यास करणारा कोणी भेटला तर मी स्वतः त्याला चहा पाजेन.

तिसरी पायरी: प्रश्न लहान करा

‘सीमाभागातील अध्ययन अक्षम मुलांच्या समस्या’ हा प्रश्न नाही, मथळा आहे. एका वर्षात, एका माणसाला, एसटीच्या आणि वडापच्या भाड्यात पेलेल असा प्रश्न हवा. उदाहरणार्थ, मराठी माध्यमातून पाचवीनंतर कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांचं मराठी वाचन वर्षभरात कुठे जातं? किंवा, दाखला काढायला निघालेल्या घराला पहिल्या फेरीपासून कार्ड हातात पडेपर्यंत किती फेऱ्या, किती बुडालेले दिवस आणि किती पैसे लागले? हा दुसरा प्रश्न दिसायला किरकोळ आहे, पण त्याचं उत्तर आज कोणाच्या टेबलावर नाही.

चौथी पायरी: आधी काय झालंय ते वाचा

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जाऊन मराठी आणि कन्नड दोन्ही बाजूंचे प्रबंध बघा. नुसतं ‘डिस्लेक्सिया’ टाकून भागत नाही, ‘वाचन अक्षमता’, ‘कलिका न्यूनते’, ‘अप्रगत विद्यार्थी’ असंही शोधा. महाराष्ट्र सरकारने दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षम मुलांना सवलती १९९६ पासून दिल्या, त्यामुळे मुंबईकडचं काम जुनं आणि भरपूर आहे. पण ते बहुतेक शहरी, इंग्रजी माध्यमाच्या मुलांवरचं आहे. कन्नड वाचनावर सोनाली नाग यांचं २००७ चं संशोधन जरूर वाचा. इंग्रजीत सव्वीस अक्षरं पहिल्या वर्षी संपतात. कन्नडात अक्षरांचा पसारा मोठा असल्याने ती शिकणं पुढे काही इयत्ता चालूच राहतं, हा त्यातला धागा आपल्या देवनागरीलाही लागू पडतो. म्हणजे दुसरीतल्या मुलाला जोडाक्षर येत नाही एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पाचवी पायरी: परवानग्या

बेळगाव हा महसुली जिल्हा एक असला तरी शिक्षण खात्याचे जिल्हे दोन आहेत, बेळगाव आणि चिक्कोडी. खानापूर, येळ्ळूर, कंग्राळी, उचगावच्या शाळांसाठी बेळगावचे उपसंचालक. निपाणीच्या शाळांसाठी चिक्कोडीचे. मी एकदा बेळगावचं पत्र घेऊन निपाणीत उभा राहिलो होतो. मुख्याध्यापकांनी पाणी दिलं, पत्र परत दिलं. उपसंचालकांनंतर गटशिक्षणाधिकारी, मग शाळा. अर्ज कन्नडात द्या. स्वतःला येत नसेल तर कोणाकडून तरी लिहून घ्या, पण मराठीतला अर्ज कोणी वाचत का नाही यावर तिथे वाद घालू नका. वादाला सीमाभागात जागा पुष्कळ आहे, तुमच्या अर्जाला एकच आहे.

संशोधनाच्या नीतिसमितीचा भाग बरेचजण उरकून टाकतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांच्या संमतीखेरीज मुलाची स्वतःची मान्यताही लागते: सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी, त्यापुढच्याची लेखी. २०१६ च्या कायद्याचं सहावं कलम तर बहुतेकांनी वाचलेलंच नसतं. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा रीतीने घेतलेली संमती हवी, आणि शिवाय सरकारने नेमलेल्या दिव्यांगत्व संशोधन समितीची पूर्वपरवानगी. त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संघटनांचे असायला हवेत. तुमच्या विद्यापीठाला याबद्दल लेखी विचारा आणि आलेलं उत्तर परिशिष्टात जोडा.

आणि एक. बुद्ध्यंक चाचणी तुम्ही करायची नाही. ते काम भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सक मानसशास्त्रज्ञाचं. तुम्ही फार तर चाळणी करता. ‘तुमच्या मुलाला डिस्लेक्सिया आहे’ हे वाक्य तुमच्या तोंडून जाता कामा नये.

सहावी पायरी: भाषा वजा करा

इथे वेळ घाला. बाकीच्या पायऱ्या चुकल्या तर सुधारता येतात, ही चुकली तर सगळी माहिती फुकट जाते.

आधी डोळे आणि कान. फळ्यावरचं न दिसणारं पोर वहीत चुकीचं उतरवतं. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची ३० प्रकारच्या अडचणींसाठी तपासणी होते आणि त्यात अध्ययनातली अडचणही धरलेली आहे. त्या पथकाचं कार्ड मागून बघा. वर सांगितलेल्या यादीतलं एक नाव नुसत्या चष्म्याने निघून गेलं.

मग प्रत्येक मुलाची भाषेची कुंडली लिहा. आजी कुठली बोली बोलते? अंगणवाडीत बाई कोणत्या भाषेत बोलायच्या? गल्लीत खेळताना काय? घरातल्या टीव्हीवर काय चालतं? माध्यम बदललं का, आणि कितवीत? कर्नाटकात कन्नड शिकवणं २०१५ च्या कायद्याने बंधनकारक झालं आणि २०१७-१८ पासून इयत्तागणिक लागू होत गेलं. त्यामुळे मराठी शाळेतल्या मुलाच्या डोक्यात देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या एकाच वेळी रचल्या जात असतात. शहापूर-वडगावातल्या मराठी घरातलं मूल आणि कणकुंबीकडचं, घरी कोकणीच्या वळणाचं बोलणारं मूल, ही दोन्ही कागदावर ‘मराठी भाषक’ असतात. त्यांना एका रकान्यात घालू नका.

दोन लिप्या एकमेकींवर कशा आदळतात याचं एक उदाहरण बघा. ‘सूर्य’ लिहिताना मराठीत रफार ‘य’च्या डोक्यावर चढतो. कन्नडात तोच ‘र्’ अक्षर झाल्यावर उजवीकडे, ओळीतच लिहितात, त्याला ‘अर्कावत्तु’ म्हणतात. दोन्हीकडे उच्चारात ‘र्’ आधी येतो आणि कागदावर नंतर. पण एकीकडे तो वर जातो, दुसरीकडे बाजूला. जोडाक्षराचंही तेच. मराठीत अर्धं अक्षर आधी कापून जोडतो, कन्नडात दुसरं अक्षर खाली लोंबतं, त्याला ‘ओत्तक्षर’ म्हणतात. शिवाय मराठीत घ-ध आणि भ-म फसवतात, तर कन्नडात प, व, म, ष हे सगळे एकाच घरातले चुलतभाऊ वाटतात. म्हणून चुका मोजताना ‘एकूण चुका’ असा आकडा लिहू नका. मराठीची चूक आणि कन्नडची चूक वेगळ्या रकान्यांत लिहा, आणि तिसरा रकाना ‘दुसऱ्या लिपीची सवय’ असा ठेवा.

मापनासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेलं ‘डाली’ हे साधन बघा. २०१५ मध्ये आलेलं हे साधन हिंदी, इंग्रजी, मराठी आणि कन्नड अशा चारही भाषांत आहे, म्हणजे बेळगावसाठी जणू मापून शिवलेलं. पहिली-दुसरीसाठी एक चाळणी, तिसरी ते पाचवीसाठी दुसरी. या दोन्ही चाळण्या शिक्षकच भरू शकतात. दाखल्यासाठी बहुतेक ठिकाणी निम्हान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला वापरतात. तिचे दोन स्तर आहेत, पाच ते सात आणि आठ ते बारा वर्षांसाठी, पण ती मुळात इंग्रजीतली. बुद्ध्यंकासाठी नागपुरात १९६९ मध्ये मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली चाचणी अजून चालते. तिची मानकं पन्नास वर्षांहून जुनी आहेत, हे निष्कर्ष लिहिताना आठवू द्या.

माझा नियम साधा आहे. मूल ज्या लिपीत सर्वांत जास्त वर्षं शिकलं तिच्यात मोजायचं. दुसऱ्या लिपीत फक्त नोंदवायचं. आणि शेवटी लिपी बाजूला ठेवून नुसतं कानाने तपासायचं. ‘कमळ’ मधला ‘क’ काढला तर काय उरतं? ‘मळ’ हे उत्तर झटकन येणारं मूल फक्त कन्नडात अडत असेल तर तिथे अक्षमतेचा संशय घेऊ नका, सरावाचा घ्या. दोन्ही लिप्यांत अडतंय आणि घरच्या बोलीतही ध्वनी सुटे करता येत नाहीत, मग पुढे पाठवा.

निरर्थक शब्द वाचून घ्यायची एक चाचणी असते, म्हणजे अर्थाचा आधार न घेता मूल अक्षरं जोडतं का ते कळतं. माझ्या पहिल्या यादीत मी मोठ्या दिमाखात ‘मने’ आणि ‘नीरू’ घातलं होतं. पोरं खदखदून हसली. कन्नडात मने म्हणजे घर आणि नीरू म्हणजे पाणी. तेव्हापासून यादी आधी एखाद्या कन्नड मास्तरांना दाखवतो.

बोलीचंही तसंच. आपल्याकडच्या मुली ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात, त्यांच्या आयाही म्हणतात. पुण्यात तयार झालेल्या तोंडी भाषेच्या चाचणीत ही लिंगाची चूक धरली जाते आणि चांगल्या बोलणाऱ्या मुलीचे गुण जातात. चाचणी सुरू करण्याआधी तिच्यातली अशी वाक्यं स्थानिक शिक्षकाबरोबर बसून खूण करून ठेवा.

सातवी पायरी: सेवा कुठे आहेत ते पायी फिरून बघा

कागदावरचा तक्ता कोणालाही काढता येतो. तुम्ही साखळी गावातून वर चढत बघा. ग्रामपंचायतीत एक ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो, सगळे त्याला ‘व्हीआरडब्ल्यू’च म्हणतात. तो स्वतः बहुधा दिव्यांग असतो, मानधनावर काम करतो आणि गावातलं प्रत्येक घर त्याला ठाऊक असतं. तालुक्याला त्याच्यावरचा ‘एमआरडब्ल्यू’, म्हणजे बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ता. शिक्षण खात्याच्या बाजूने गटाच्या संसाधन केंद्रात समावेशक शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. जास्त गंभीर मुलांच्या घरी जाऊन शिकवणं हेही त्यांच्याकडेच. या दोघांना आधी भेटा, साहेबांना नंतर.

वर आरोग्याच्या बाजूला बेळगावचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय ‘बिम्स’ आणि त्याचं जिल्हा रुग्णालय, केएलईचं रुग्णालय, आणि पुढे धारवाडची ‘डिमहान्स’ ही मानसिक आरोग्य संस्था. भाषा-श्रवणासाठी म्हैसूरची राष्ट्रीय संस्था आहे, पण खानापूरच्या रोजंदारीवरच्या बापाला म्हैसूर म्हणजे परदेशच. निपाणीकरांना कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर आणि बेळगाव ७५. ते दाखवायला कोल्हापूरलाच जातात. मग तिकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि इकडची दाखल्याची प्रक्रिया यांची गाठ पडता पडत नाही. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, देशभर चालतं, पण ते मिळेपर्यंतचा रस्ता बहुधा राहत्या जिल्ह्यातून जातो. ही सीमेवरची फट तुम्ही नोंदवली नाही तर दुसरं कोणी नोंदवणार नाही.

एका दाखल्याच्या दिवशी मी एका आईबरोबर रांगेत बसलो होतो, कुठे ते राहू दे. साडेनवाला आलो, दोन वाजता कळलं की चाचणी घेणारे आज नाहीत, पुढच्या बुधवारी या. ती म्हणाली, “पुढच्या बुधवारी भांगलण हाय, सर.” मग तिने मुलाला वडापाव घेतला आणि गावची गाडी धरली. माझ्या वहीत त्या दिवशी ‘सेवा उपलब्ध: होय’ असा रकाना होता. तो मी खोडला.

आठवी पायरी: घरात बसून बोला

काळजीवाहूंवर किती भार पडतो हे मोजायला तयार प्रश्नावल्या आहेत. झरिट यांची १९८० ची, आणि आपल्याच बेंगळुरूत पै आणि कपूर यांनी १९८१ मध्ये केलेली कौटुंबिक भाराची अनुसूची. पहिली म्हाताऱ्या, विसरभोळ्या माणसांना सांभाळणाऱ्यांसाठी होती, दुसरी मनोरुग्णांच्या घरच्यांसाठी. तुमच्या घरात दहा वर्षांचं मूल आहे, म्हणून ती उचलून चिकटवू नका. एका मागवाल्यांच्या घरी, वडगावात, मी एकांत कमी पडतो का असा प्रश्न वाचला. दोन खोल्या, सात माणसं, मध्ये माग. ती माउली हसतच सुटली. मग म्हणाली, “एकांत कोणाला पडलाय? माग चालू झाला की त्येच्याकडं बघायला होत न्हाई, तेवढं लिव्हा.”

तेवढं लिहिलं आणि त्यातून पद्धत सापडली. तास विचारू नका, कामाच्या खुणा विचारा. डेअरीला दूध घालायच्या आधी मुलाचं काय करता? माग चालू असताना तो कुठे असतो? शाळेतून आल्यावर वही कोण उघडतं? निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायकांना ‘दिवसाच्या किती विड्या कमी झाल्या’ असं विचारलं की काळजीचा पैशातला हिशेब आपोआप पुढे येतो.

संबोधनं सांभाळा. काकी, वहिनी, मावशी म्हणा. ‘लाभार्थी’ किंवा ‘प्रतिसादक’ वहीत राहू दे. आई बोलत असताना सासू शेजारी असेल तर दोष कोणाच्या घराण्यातून आला यावर गाडी जाते. त्या दिवशी पाणी पिऊन उठा आणि आई एकटी असेल तेव्हा परत या. बापाला आवर्जून गाठा. “आमचं बी असंच हुतं, कुठं काय अडलं?” हे वाक्य बहुधा त्याच्याकडून मिळतं, आणि अध्ययन अक्षमता घराण्यात चालत येऊ शकते हे ध्यानात ठेवलं तर त्या वाक्याला किंमत आहे.

मोठ्या मुलांच्या घरी ‘आमच्या माघारी काय’ हा प्रश्न येतोच. इथे दोन प्रकारांतला फरक पुन्हा कामाला येतो. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे आणि त्यात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविध दिव्यांगत्व येतं; त्यांना अठरा वर्षांनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून मिळतो आणि ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही. नुसत्या डिस्लेक्सियाला यातलं काही नाही. त्यांच्या वाट्याला परीक्षेतल्या सवलती: लेखनिक, तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ. हे पालकांना सांगा, पण कुठला दाखला कशासाठी ते गोंधळू देऊ नका.

माहिती झाकायची तर नाव बदलून भागत नाही. ‘खानापूर तालुक्यातल्या अमुक गावची एकमेव मराठी शाळा, चौथी, कुंभार गल्ली’ एवढं लिहिलं की सगळ्या गावाला पोर कळतं. गाव काढा, गल्ली काढा, इयत्ताही गरज नसेल तर काढा. आवाजाची ध्वनिफीत फोनवर तशीच पडू देऊ नका.

नववी पायरी: कॅलेंडर

जून ते सप्टेंबर खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, पावसात फिरणं जमत नाही. ऑक्टोबरात दसऱ्याची सुट्टी. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस. त्या आठवड्यात प्रश्नावली घेऊन गल्लीत शिरलात तर भाषेची शिरगणती करायला आलात असंच वाटेल. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन, सगळे अधिकारी तिकडे. सौंदत्तीच्या यल्लम्माची पौर्णिमा आली की गावंच्या गावं डोंगरावर. १७ जानेवारीला सीमालढ्याचा हुतात्मा दिन. मार्चपासून परीक्षा. उरला नोव्हेंबरचा मधला भाग, जानेवारीचे थोडे दिवस आणि फेब्रुवारी. त्यातच बसवा. आणि पहिल्याच भेटीत सांगून टाका की हे सर्वेक्षण कुठल्याही बाजूचं नाही. कोणी ना कोणी विचारणारच.

दहावी पायरी: परत जा

प्रबंध जमा झाला की दोन कागद तयार करा. एक आईसाठी, मराठीत, एका पानाचा: मुलाला काय येतं, कुठे अडतं, पुढे कोणाकडे जायचं, काय काय कागद लागतील. इंग्लंडात अशा मजकुरासाठी मोठं अक्षर, लहान वाक्य आणि प्रत्येक मुद्द्याला चित्र अशी ‘ईझी रीड’ पद्धत रुळलेली आहे, ती उचलण्यासारखी आहे. दुसरा कागद शाळेच्या आणि पंचायतीच्या फायलीसाठी, कन्नडात, मुलाचं नाव न घालता. आईचा कागद तिच्यासमोर मोठ्याने वाचा. वाचताना ती कुठे थांबवते तिथे तुमची भाषा चुकलेली असते.

‘पशिवी’वाल्या पोराला वेलांटी उच्चारात नंतर पण कागदावर आधी, एवढं बाईंनी समजावलं आणि ते जमलं. रफार अजून डगमगतो, दोन्ही वह्यांत; फक्त आता तो दोन वेगळ्या रकान्यांत लिहिलेला आहे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघायचंय.